डावी बाजू बाबांची

माझ्या स्टुलावर माझा नवरा बसला होता.

नुसता बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. माझं भिंग त्याने डोक्याला बांधलं होतं, माझी बारीक कानस त्याच्या हातात होती आणि बाबा त्याच्या मागे उभे राहून, दोन्ही हात झब्ब्याच्या खिशात घालून सांगत होते, "हलक्या हाताने. घाई नको. प्लॅस्टिक आहे ते, लोखंड नव्हे."

हे वाक्य माझं होतं. म्हणजे बाबा ते मी दहावीत असल्यापासून मला ऐकवत आले होते आणि मी त्यावर दर वेळी डोळे फिरवत आले होते. ते दुसऱ्या कुणाला ऐकवतील असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मी दारात उभी. रविवारची सकाळ, काखेत नव्या किटचं मोठं खोकं. हे खोकं येणार म्हणून मी महिनाभर वाट पाहिली होती. आणि कौस्तुभ तासाभरापूर्वी घरातून काय सांगून निघाला होता? गाडी सर्व्हिसिंगला टाकतो! गेल्या काही महिन्यांतलं हे तिसरं सर्व्हिसिंग. सहकारनगरात आई-बाबांच्या इमारतीखाली आमच्यासारखीच एक गाडी दिसली तेव्हा मला वाटलं होतं, असेल कुणाची तरी.

"आलीस का ऋजू?" बाबा म्हणाले. "बरं झालं. चहा टाक बघू सगळ्यांना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा टाक म्हणण्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण आमच्या घरात त्या चहाला अर्थ होता, आणि तो सांगितल्याशिवाय माझा संताप कळायचा नाही.

बाबा कवळ्या बनवायचे; डोळे साथ देत नाहीत म्हणत त्यांनी नुकतंच ते काम सोडलं होतं. दंतवैद्य तोंडाचं माप घेणार, ते बाबांकडे येणार आणि बाबा त्यावरून दातांची अख्खी बत्तिशी उभी करणार. पुण्यातले कितीतरी म्हातारे बाबांच्या दातांनी शेंगदाणे खायचे. एकदा एका दंतवैद्याने जपानहून येताना मिठाईऐवजी एक खोकं आणलं. त्यात प्लॅस्टिकच्या चौकटींत अडकलेले शेकडो बारके भाग होते. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, एकमेकांत बसवायचे, की हातभर लांबीचं लढाऊ विमान तयार व्हायचं. इथवर काही विशेष नाही. खरी गंमत पुढे. एकही भाग न काढता त्या विमानाची घडी मोडायची. नाक खाली दुमडून छाती होणार, इंजिनं खाली येऊन पाय होणार, पंख पाठीला चिकटणार, पोटाखालून हात निघणार, आणि जिथे विमान होतं तिथे यंत्रमानव उभा राहणार. एखादा सांधा केसभर सैल राहिला तर यंत्रमानव झिंगल्यासारखा कलंडतो. केसभर घट्ट झाला तर विमान पुन्हा मिटत नाही.

बाबा डावखुरे. म्हणून पहिल्या किटपासून डावी बाजू बाबांची, उजवी माझी. डावा पंख, डावं इंजिन, डावा हात त्यांनी करायचा, उजवं सगळं मी. टेबलाच्या दोन टोकांना बसायचं आणि आपलं काम नॅपकिनखाली झाकून ठेवायचं. चोरून बघायचं नाही. सगळं झालं की एका रविवारी दोघांनी नॅपकिन उचलायचे, दोन्ही बाजू शेजारी ठेवून भिंगाखाली तपासायच्या, आणि जी बाजू उणी ठरेल तिच्या मालकाने चहा टाकायचा. मग जोडणी. मग डाव्या बाजूला बाबांचे हात, उजव्या बाजूला माझे, आणि "हं, चल" म्हटलं की एकाच वेळी दोघांनी घडी मोडायची. पहिली काही वर्षं चहा मीच टाकत होते. पुढे पुढे बाबाही टाकू लागले. ज्या दिवशी बाबा पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले, त्या दिवसाचा मला बोर्डाच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला होता.

तर आता मला न खेळताच चहा टाकायला सांगितलं जात होतं.

"कौस्तुभ, गाडी कशी आहे?" मी विचारलं.

तो दचकला. भिंगातून त्याचे डोळे बेडकासारखे मोठे दिसत होते. "अगं, ते... गॅरेज बंद होतं."

"आणि हे उघडं होतं."

"रागावू नकोस गं त्याला," बाबा म्हणाले. "मीच बोलावलं. त्याला सूचना वाचता येतात."

हे मात्र खरं होतं. कौस्तुभ जपानी भाषेचा अनुवादक. हिंजवडीतल्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत आणि इंग्रजीत आणायचं त्याचं काम. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्याने आमच्याकडचं एक जुनं पत्रक सहज वाचलं आणि हसत म्हणाला, "इथे लिहिलंय, हा भाग जोडण्याआधी उलटा करा." आम्ही बापलेक इतकी वर्षं नुसती चित्रं बघून किट जोडत आलो होतो. आमच्या ‘टिटवी’चा पंख सारखा का निखळतो हे बाबांना तेव्हा कळलं. (विमानांना पक्ष्यांची नावं द्यायची ही माझी हौस.) बाबांनी कौस्तुभच्या पाठीवर थाप मारली. मला मात्र ते मुळीच आवडलं नाही. पंख निखळायचा तर निखळायचा. ती चूक आमची होती.

लग्नानंतर सहा महिने बाबा त्याला ‘कौस्तुभराव, बसा’ म्हणत होते. आता ‘अरे कौस्तुभ, ते घे ना’ वर आले होते. एवढी बढती मला माझ्या ऑफिसात कधी मिळाली नाही.

मी खोकं टेबलावर ठेवलं. "हे आलंय बाबा. प्रदर्शनासाठी. डावं तुमचं, उजवं माझं. आजपासून सुरू करू."

बाबांनी खोक्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. वरच्या चित्रात राखाडी विमान होतं, आणि आजवर आम्ही केलेल्या कुठल्याही किटपेक्षा ते मोठं होतं. हात मात्र त्यांनी खिशातून काढले नाहीत. ही त्यांची नवी सवय होती. जावई आला की सासऱ्याचा रुबाब, दुसरं काय, असं मला वाटायचं.

"यंदा तू नको," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे यंदा मी कौस्तुभला शिकवतोय. त्याचं पहिलंच किट आहे. तेच प्रदर्शनात ठेवू. तुला कुठे वेळ असतो आता? नोकरी, घर."

"मला वेळ आहे. घरातलं निम्मं काम करायचं कबूल केलेला माणूसच इथे बसलाय."

कौस्तुभ उठायला लागला. "बाबा, तिला बसू द्या ना. मी नुसतं वाचून दाखवतो."

"तू बस," बाबा त्याला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. आवाज चढला होता. माझ्यावर ते कधी आवाज चढवत नसत. "मी सांगितलं ना एकदा. शिकवायचंय त्याला. तुला आता काय शिकवायचं राहिलंय?"

मी खोकं उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. आई भाजी निवडत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"नवऱ्यावर दुसऱ्या बाईवरून जळणाऱ्या बायका बघितल्यात," ती म्हणाली. "बापावरून नवऱ्यावर जळणारी तूच पहिली."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडतेय? मी मेथी निवडतेय." मग एक देठ खुडून म्हणाली, "असू दे गं. त्यांना बरं वाटतंय ना, मग करू दे."

चहा मी टाकला नाही. तशीच घरी आले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी माझा नवरा आंघोळ करून, भांग पाडून माझ्या माहेरी जायचा आणि मी त्याच्या मागे दार आपटायचे. संध्याकाळी तो यायचा तेव्हा त्याच्या बोटांना राखाडी रंग लागलेला असायचा. मी पोळ्या लाटता लाटता चौकशी करायचे.

"काय झालं आज?"

"पाय झाले."

"कुणी केले?"

"मीच. बाबा सांगतात, मी करतो."

"आणि ते काय करतात?"

"सांगतात," तो म्हणायचा आणि ताट वाढून घ्यायला उठायचा.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग येत होता, तर तो खुशीत नसायचा याचा. माझ्या जागेवर बसून निदान त्याने सुखात तरी असावं! येताना चेहरा असा, की जणू मामलेदार कचेरीत दिवसभर रांगेत उभा होता. एकदा मी न राहवून म्हटलं, "एवढा कंटाळा येतो तर जातोस कशाला?" तो म्हणाला, "कंटाळा नाही येत." आणि वर्तमानपत्र उघडून बसला. वर्तमानपत्र सकाळचंच होतं आणि त्याने ते सकाळीच वाचलं होतं.

एका रविवारी मी मुद्दाम मागाहून गेले. दोघं जेवायला बसले होते. मी गुपचूप बाबांच्या खोलीत शिरले आणि टेबलावरचं काम भिंगाखाली धरलं. काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! चौकटीतून भाग कापताना राहिलेल्या प्लॅस्टिकच्या गाठी तशाच होत्या. दोन तुकड्यांमधली फट नीट बुजवलेली नव्हती. रंग कडेला जाड झाला होता. बाबांनी माझं असलं काम केराच्या डब्यात टाकलं असतं. मी हसत बाहेर आले आणि जेवणाच्या टेबलावर म्हटलं, "बाबा, तुमचा विद्यार्थी अगदीच ढ आहे हो."

बाबांचा घास हातातच राहिला. "पहिलंच आहे त्याचं," ते म्हणाले.

"माझं पहिलं असं नव्हतं."

"प्रत्येकाचे हात सारखे नसतात," कौस्तुभ म्हणाला, आणि मुकाट्याने भाताचा घास घेतला. त्याने एक तरी उलट शब्द बोलावा म्हणून मी जीव टाकत होते. माणूस भांडेल तर त्याच्याशी धड भांडता येतं.

त्याच संध्याकाळी मी माझं खोकं उघडलं. म्हटलं, डावी बाजूही मी करीन आणि उजवीही. प्रदर्शनात त्यांच्या शेजारचं टेबल घेईन. लोकांनी दोन्हीकडे बघावं आणि बाबांनी लोकांकडे बघावं. ऑफिसातून आले की मी गॅलरीत बसायचे आणि कौस्तुभ आत कुकर लावायचा. माझं काम मी त्याच्यापासून नॅपकिनखाली झाकून ठेवत होते. एकदा एक बारकी स्प्रिंग उडून आतल्या फरशीवर कुठेतरी गेली. मी रांगत शोधत होते. कौस्तुभ आला, खाली वाकला, पलंगाच्या पायाजवळून ती चिमटीत उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "डाव्या खांद्यातली आहे," म्हणाला. "आधी तेल लाव, मग बसव. पत्रकात लिहिलंय." मी आभार मानले नाहीत. तेल मात्र लावलं.

त्या विमानाला मी ‘ससाणा’ नाव दिलं. आयुष्यात एवढं सुंदर काम माझ्या हातून झालं नव्हतं, आणि ते सगळं रागाने झालं होतं.

प्रदर्शन एरंडवण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात असायचं. हौशी लोकांचा मामला. कुणी आगगाड्या आणायचं, कुणी जहाजं. सगळा कारभार देवस्थळी काकांकडे. ते बँकेतून निवृत्त झालेले आणि माइक हातात आला की पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखे वागायचे. रूप बदलणाऱ्या किटसाठी त्यांचा एक कडक नियम होता. ज्याने किट बनवलं त्याने लोकांसमोर स्वतःच्या हाताने विमानाचा यंत्रमानव करून दाखवायचा. काही मंडळी सांधे गोंदाने चिकटवून नुसता देखावा मांडायची, त्यांचा बंदोबस्त म्हणून हा नियम.

माझं टेबल बाबांच्या टेबलाला लागून होतं, कारण मी तसं मागूनच घेतलं होतं. बाबा इस्त्रीचा झब्बा घालून, हात खिशात घालून उभे. त्यांच्या विमानापुढे पाटी होती: ‘कौस्तुभ आगटे. मार्गदर्शन: माधव खळदकर.’ आजवर त्या पाटीवर ‘माधव आणि ऋजुता खळदकर’ असायचं. मी ती पाटी वाचून न वाचल्यासारखं केलं.

बाबा माझ्या टेबलाशी आले आणि ससाण्याकडे वाकून बघू लागले. मग म्हणाले, "डावी बाजू छान झालीय."

"उजवी?"

"उजवी तुझी चांगलीच असते. डावी... माझ्यापेक्षा चांगली झाली."

हेच ऐकायला मी सगळी उरस्फोड केली होती. पण ते वाक्य बोलताना बाबांचा चेहरा असा उतरला की मला त्याचा आनंद करता येईना. ते गर्दीत कुणाशी तरी बोलायला वळले. कौस्तुभ पाणी आणायला गेला होता. मी संधी साधली. जिभेवर चार खवचट वाक्यं तयार ठेवून मी भिंग काढलं आणि त्यांच्या विमानावर वाकले.

आधी उजवा पाय बघितला. वाईट. मग डावा. तोही वाईट. दोन्ही अगदी सारखे वाईट. आणि इथेच मी अडले. नवशिक्या माणूस शिकत जातो ना? पहिला पाय बिघडला की दुसरा थोडा सुधारतो. माझं नेहमी असंच व्हायचं, कुणाचंही होतं. हे दोन पाय एकमेकांचं बघून बिघडवल्यासारखे होते.

मी डावा पाय उजेडाकडे वळवला. रंगाखालून कानशीचे बारीक ओरखडे दिसत होते, आणि ते उलट्या बाजूला तिरके होते. असे तिरके ओरखडे डावखुऱ्या माणसाचेच पडतात. बाबांचे मी हजारदा बघितले होते. सरळ, समांतर, गव्हाच्या लोंबीवरच्या रेघांसारखे. इथे ते वाकडेतिकडे धावले होते, मधेच खोल गेले होते, मधेच सुटले होते.

मग उजवा पाय. फट बुजवलेली होती, आणि इतकी सुरेख बुजवलेली होती की मलाही जमली नसती. त्या सुरेख कामावर नंतर कुणीतरी मुद्दाम कानस फिरवली होती. गाठी राहून गेल्या नव्हत्या, वरून थेंब टाकून केल्या होत्या.

माझ्या हातातलं भिंग मी खिशात ठेवलं. ते काय आहे हे मला कळलं होतं, पण कळलेलं डोक्यात शिरायला वेळ लागत होता. तेवढ्यात माइक खरखरला.

"आता आपल्या सगळ्यांचे लाडके खळदकर!" देवस्थळी काका टेबलापाशी आले. "यंदा जोडीला लेक नाही, जावई आहे बरं का! पण पद्धत तीच हवी. खळदकर, डावी बाजू तुमची! जावईबापू, उजवी तुमची! या, या."

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "किट त्याचं आहे. तोच करेल."

"अहो, लोक तुमच्यासाठी थांबलेत!"

लोक खरंच थांबले होते. चाळीसएक माणसं टेबलाभोवती गोळा झाली. बाबांनी कौस्तुभकडे बघितलं. मग त्यांनी डावा हात खिशातून काढला.

मी तो हात कितीतरी महिन्यांनी कामाला लागलेला बघत होते. बोटं पंखाकडे गेली आणि पोचायच्या आधीच थरथरायला लागली. वाऱ्याने पान हलावं तशी नाही, यंत्रात काही बिघडल्यासारखी. पंखाच्या मुळाशी एक बारीक खीळ असते. ती भोकात बसली की पंख पाठीला लागतो. कवळीतला एकेक दात जागी बसवणारा माझा बाप ती खीळ भोकाशी नेत होता आणि खीळ भोकाच्या आजूबाजूला टकटक करत होती. उजवा पंख कधीच बसला होता. कुणीतरी मान पुढे काढून बघायला लागलं.

आणि कौस्तुभचा कोपर टेबलावरच्या स्टँडला लागला.

लागला कसला, त्याने मारला. मी शेजारी उभी होते, मी बघितलं. विमान कलंडलं, डावा पंख निखळून खाली पडला, नाक वाकडं झालं. "अरे अरे अरे!" कौस्तुभ ओरडला. "सॉरी, सॉरी. माझाच धक्का लागला." लोक हसले. देवस्थळी काका माइकवरून म्हणाले, "जावईबापू, अहो, विमान उडवायचं नसतं!" आणखी हशा झाला. बाबांचा हात परत खिशात गेला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ते कुणाकडे नाही, थेट माझ्याकडे बघत होते. मी काय बघितलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मी कमरेवर हात ठेवले.

"तरी मी सांगत होते!" मी एवढ्या मोठ्याने बोलले की आगगाडीवालेही वळले. "ह्या माणसाच्या हातात काहीही देऊ नका! बाबा, तुम्हीच लाडावून ठेवलंय त्याला. एवढ्या वर्षांत आपलं एक विमान पडलं होतं का कधी? शिकवताय म्हणे! याला शिकवण्यापेक्षा मांजराला शिकवा!"

"ऋजू, अगं लोक..." कौस्तुभ म्हणाला.

"लोकांनाही कळू दे!"

बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि देवस्थळी काकांना म्हणाले, "बघा, घरचं भांडण. लेकीला पहिल्यापासून खपलेलंच नाही हे." सगळे हसले. मीही तावातावाने पंख उचलला आणि टेबलावर आपटला.

मग माझी पाळी आली. ससाणा मी एकटीने उघडला. नाक, इंजिनं, पंख, हात, सगळं तेल लावल्यासारखं सरकलं. यंत्रमानव टेबलावर ताठ उभा राहिला आणि टाळ्या पडल्या. बाबांनी दोन्ही हात खिशातून काढले आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना हाताचा कंप दिसत नाही.

घरी येताना कौस्तुभ गाडी चालवत होता. ससाणा माझ्या मांडीवर खोक्यात होता. म्हात्रे पूल मागे पडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने नाटक केलं नाही. "मला गणपतीत कळलं. मी सूचना वाचून दाखवत होतो. त्यांच्या हातून एक खीळ पडली, मग पुन्हा पडली. मी उचलून दिली तर म्हणाले, बघितलंस ना? मी हो म्हटलं."

"कवळ्यांचं काम सोडलं ते डोळ्यांमुळे नाही."

"नाही."

"आणि गाडीचं सर्व्हिसिंग?"

"डॉक्टर. दोनदा नेलं. वाढेल म्हणाले, पण सावकाश."

"आईला माहितीय?"

"आईंना माहितीय."

मेथी निवडत होती ती. मी काचेतून बाहेर बघितलं. "मग मला का नाही सांगितलंत?"

कौस्तुभने सिग्नलला गाडी थांबवली. "म्हणाले, ऋजूला सोडून कुणालाही सांग. तिच्या बाजूशेजारी आता माझी बाजू ठेवायची नाही मला. पण डावी बाजू मीच करणार म्हणाले, त्या बाजूला मला हात लावू देईनात. मग म्हटलं, निदान उजवी तशीच करावी."

"तू चांगली केली होतीस आधी."

"हो. तीच तर पंचाईत होती."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला. त्या क्षणी मला त्याच्याविषयी माया वाटायला हवी होती, आणि वाटलीही. त्याच्या रंग लागलेल्या बोटांवर मी हात ठेवला. पण खरं सांगायचं तर मायेच्या वर दुसरंच काहीतरी चढून बसलं होतं. आजवर मी स्टुलावरून आणि भिंगावरून जळले, ते सगळं पोरखेळ होतं. माझ्या जन्मापासूनचा बाप, पण त्याचा थरथरता हात याच्या वाट्याला आला होता आणि माझ्या वाट्याला खिसा. काल आलेल्या माणसासमोर बाबा लाजले नाहीत, माझ्यासमोर लाजले. एवढं चांगलं काम मी शिकलेच नसते तर त्यांनी मलाही दाखवला असता तो हात.

"आपण त्यांना सांगायचं का?" कौस्तुभने विचारलं. "तुला कळलंय म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "खबरदार सांगितलंस तर."

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबरच गेले. बाबा दारातच उभे होते, हात खिशात. मला बघून जरा सावध झाले. मी चप्पल काढता काढताच सुरुवात केली, "आणलंय तुमच्या लाडक्याला. बसवा पुन्हा. आणखी एक विमान पाडू दे."

बाबांनी माझ्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते बघितलं. काही सापडलं नसावं, कारण ते हसायला लागले.

"अजून राग गेला नाही वाटतं तुझा?"

"नाही गेला."

"इतकं जळू नये गं, नवरा आहे तो तुझा."

"जळणार," मी म्हटलं. "तुम्ही त्याला जवळ बसवलंत, मला नाही. मी जन्मभर जळणार आहे, सांगून ठेवते."

बाबा मनापासून हसले. आतून आईही हसली. लेकीला काही कळलेलं नाही, म्हणून बाबा निर्धास्त झाले होते, आणि त्यांना तसं ठेवायला मला एक शब्दही खोटा बोलावा लागला नव्हता.